धुरजड आणि उलाळ

दिवाळीच्या सुट्टीत गावी जायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. ज्यांना गाव उरलेले नाही ते माथेरानला नाहीतर महाबळेश्वरला जातात, आणि ज्यांना तिथली गर्दी सोसवत नाही ते घरी बसून दिवाळी अंक वाचतात. अलीकडे मात्र एक चौथा पंथ निघाला आहे. हे लोक घरच बरोबर घेऊन निघतात. मोटारीच्या मागे दोन चाकांवरची एक लहानशी खोली जोडायची, तीत दोन बिछाने, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि एक छोटा फ्रिज असा संसार मांडायचा, आणि जिथे मन रमेल तिथे मुक्काम ठोकायचा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण आजवर बदलीच्या नोकरीवाल्यांना लावत आलो. आता हौसेने विंचू होणारी मंडळीही दिसू लागली आहेत.

परदेशात ही चाल जुनी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून आपल्याकडेही या चाकांवरच्या घरांची चर्चा वाढली आहे. मोटार आणि घर एकाच सांगाड्यावर असलेल्या मोठ्या गाडीला बहुतेक जण कॅराव्हॅन म्हणतात. मला आज बोलायचे आहे ते तिच्या धाकट्या भावंडाबद्दल, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायच्या लहान ट्रेलरबद्दल. मराठी शिकवणाऱ्या माणसाला या विषयात काय कळते, असे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण या ट्रेलरच्या निमित्ताने आपल्या भाषेतले दोन शब्द, जे मी केवळ कोशातले म्हणून धरून चाललो होतो, ते पुन्हा कामावर रुजू झालेले मी डोळ्यांनी पाहिले. तेवढ्यावरच माझा अधिकार.

ते मी पाहिले इगतपुरीला. मुंबईकर आणि नाशिककर या दोघांनाही सारखेच मोहात पाडणारे हे गाव. आता तर २०२५ च्या जून महिन्यात समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून लोक सह्याद्री ओलांडू लागले. परंतु इगतपुरीची खरी ओळख ज्याला करून घ्यायची असेल त्याने रेल्वेनेच जावे. कसाऱ्याला गाडी थांबते, घाट चढवण्यासाठी मागून इंजिने लागतात आणि मग बोगद्यांमागून बोगदे पार करीत गाडी थळ घाट चढते. १८६५ साली हा लोहमार्ग इगतपुरीला पोचला. सुमारे १४ किलोमीटरांत जवळजवळ ३०० मीटर चढायचे, आणि चढ ३७ ला १, म्हणजे ३७ पावले पुढे गेले की एक पाऊल वर. हा ३७ चा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

वर पोचल्यावरही सारे सपाट झाले असे समजू नये. इगतपुरीचा पाऊस वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, आणि तालुक्याचे पीक भात. भाताला पाणी उभे राहायला हवे, म्हणून जिथे जिथे जमीन सपाट, किंवा बांध घालून सपाट करता येण्याजोगी, तिथे तिथे शेतकऱ्याने खाचरे करून ठेवली आहेत. त्यातल्या पाण्याइतकी नेमकी पाणसळ कोणत्या इंजिनियराजवळ नसेल. मात्र याचा अर्थ असा की सपाट जागा भाताच्या वाट्याला गेली. तंबू आणि ट्रेलर घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना उरतो तो उतरणीचा मुरमाड माळ. शिवाय दिवाळीच्या सुमारास ही जमीन वरून वाळलेली दिसते, पण चार बोटे खाली अजून ओल धरून असते.

आता कोणी म्हणेल, थोडी उतरण असली तर बिघडले काय? एक रात्र तर काढायची. पण एक रात्रही उतरत्या बिछान्यावर काढून पाहावी. डोके खाली आले तर कपाळ जड होते, आणि अंग एका बाजूला कलले तर पहाटेपर्यंत घरातली सगळी मंडळी एकाच भिंतीला येऊन चिकटतात. बेसिनमधले पाणी निघून जात नाही. कढईतले तेल एका कडेला गोळा होते, आणि ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नव्हे. कपाटाची दारे आपोआप उघडतात आणि उघडी ठेवलेली आपोआप मिटतात.

पण सर्वांत नाजूक प्रकृती असते ती फ्रिजची. आपल्या घरातला फ्रिज विजेच्या कॉम्प्रेसरवर चालतो, त्याला थोड्या कलण्याचे फारसे काही वाटत नाही. पण पुष्कळ ट्रेलरांतून गॅसच्या ज्योतीवर चालणारा फ्रिज असतो. फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोघा स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली तो शोधून काढला. त्यात पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया द्रावणातून सुटतो, नळ्यांतून वर जातो, थंड होतो आणि द्रवरूपाने आपल्याच वजनाने खाली ओघळत परत येतो. या ओघळण्यावरच सारी मदार. फ्रिज फार कलला की द्रव भलत्याच वळणावर साठून राहतो, खालचे भांडे कोरडे तापत राहते, आणि असे पुष्कळ वेळ चालले तर फ्रिज कायमचा निकामी होतो. म्हणून ट्रेलर समपातळीत उभा करणे ही चैन नाही, गरज आहे.

गेल्या दिवाळीत आमच्या शेजारच्या स्नेह्यांबरोबर मी आणि आमच्या सौभाग्यवती असे इगतपुरीला गेलो होतो. स्नेही बँकेत अधिकारी. समोरच्या माणसाला किती कर्ज झेपेल हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखणारा गृहस्थ. त्यांनी नवा ट्रेलर घेतला होता. भावली धरणाच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या माळावर उतरण्याची परवानगी त्यांनी आधीच काढून ठेवली होती. त्यांची आई, पत्नी, आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि दोन भाचे असा सारा परिवार होता.

ट्रेलर मोटारीपासून सोडवला. पुढे दांड्याखाली एक लहानसे चाक असते, ते टेकवले. ट्रेलर डावीकडे कलला होता. अशा ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना चार लोखंडी पाय असतात. एरवी ते पोटाशी दुमडलेले असतात आणि हँडल फिरवले की खाली येतात. स्नेह्यांनी सरळ विचार केला, की डावी बाजू खाली आहे तर डावीकडचा मागचा पाय फिरवत राहावे, कोपरा आपोआप वर येईल. आणि खरेच तो आला. हँडल जड जाऊ लागले, तसे त्यांनी दोन्ही हातांचा जोर लावला. एवढ्यात आतून मुलीची हाक आली, “बाबा, दार उघडत नाहीये!”

ती आपली बाहुली शोधायला आत गेली होती. दार बाहेरून ओढून पाहिले, आतून ढकलून पाहिले, जागचे हलेना. पोर रडू लागली. वहिनी खिडकी फोडा म्हणू लागल्या. माळाचे मालक, सत्तरीचे शेतकरी बाबा, बांधावर बसून हा सारा प्रकार पाहत होते. ते उठून आले, त्यांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “सायेब, तो पाय आधी सैल करा. गाडी पिळलीया.”

स्नेह्यांनी हँडल उलटे फिरवले. कोपरा खाली बसला आणि दार उघडले. मुलगी बाहेर येऊन आजीला बिलगली.

बाबांनी सांगितले त्यात जादू नव्हती. ट्रेलरचा सांगाडा म्हणजे एक चौकट. तिचा एकच कोपरा उचलला की चौकट पिळते, आणि चौकट पिळली की तीत बसवलेले दार अडकते. घराचा पाया एका बाजूने खचला की खिडक्या अडकतात, तोच हा प्रकार. दार अडकले म्हणून लक्षात तरी आले. नाहीतर सांधे उकलेपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता. ते कोपऱ्यांचे पाय ट्रेलर उचलण्यासाठी नसतातच. आत माणसे वावरली की ट्रेलर डुलतो, ते डुलणे थांबवण्यासाठी ते असतात. जमिनीला टेकले, वर थोडा दाब बसला, की त्यांचे काम संपले. तीन पायांची तिवई कोणत्याही जमिनीवर डुगडुगत नाही, डुगडुगते ती चार पायांची चौरंगी. ट्रेलरची दोन चाके आणि पुढचे टेकूचे चाक मिळून तिवई होते. भार या तिघांनी वाहायचा. बाकीचे चार पाय म्हणजे घरातली मदतनीस मंडळी. त्यांना सोबतीला घ्यावे, त्यांच्या डोक्यावर संसार देऊ नये.

मुलगी बाहेर आली तशी आजीची भीती गेली आणि कंबर टेकावी म्हणून त्या आत जायला निघाल्या. मागच्या बाजूला आडवा बिछाना होता. दोन्ही भाचे त्यांच्या आधीच उड्या मारत पायरीवर चढले. आता चारही पाय वर घेतलेले होते. तोच बाबा पुन्हा ओरडले, “थांबा, थांबा! मागं बसू नका कोणी, गाडी उलाळ होईल!”

आमच्या बँकवाल्या स्नेह्यांना तो शब्द कळला नाही. मला कळला, परंतु असा प्रत्यक्ष कोणाच्या तोंडून मी तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. दोन चाकांच्या बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की धुरी वर उचलली जाते आणि गाडी मागे उलटू पाहते, ती गाडी उलाळ. ओझे पुढे जास्त झाले की सारा भार जुवावाटे बैलांच्या मानेवर येतो, ती गाडी धुरजड. शहाणा गाडीवान गाडी भरतानाच हे पाहतो. चढणीला तो स्वतः पुढे सरकून धुरीवर बसतो आणि उतरणीला मागे सरकतो. उलाळ गाडी बैलांचा गळा आवळते आणि धुरजड गाडी त्यांचे खांदे सोलते. दोन्ही पापच.

मी घरी आल्यावर वहीत हिशेब मांडून पाहिला. ट्रेलरच्या दांड्याचा पुढच्या टेकूवर भार होता ५० किलो. टेकूपासून चाकांच्या आसापर्यंत अंतर अडीच मीटर. ५० ला अडीचने गुणले की १२५. आता मागचा बिछाना आसापासून एक मीटर मागे. आजींचे वजन ६० किलो, भाचे प्रत्येकी ३५ किलोंचे, म्हणजे तिघे मिळून १३०. त्याला एकाने गुणले तरी १३०. एकशे पंचवीसपेक्षा एकशे तीस जास्त. म्हणजे तिघे मागच्या बिछान्यावर बसताच दांडा वर उचलला गेला असता आणि ट्रेलरची मागची बाजू धाडकन जमिनीवर आदळली असती. बागेतल्या सी-सॉवर मुले बसतात, तोच हा न्याय. बाबांनी गुणाकार केला नव्हता. पण त्यांनी जन्मभर गाडी भरली होती आणि उत्तर त्यांना तोंडपाठ होते.

ट्रेलर रस्त्यावर असतानाही हेच दोन शब्द उपयोगी पडतात. दांड्याचा मोटारीच्या आकड्यावर किती भार पडावा याचे प्रमाण ठरलेले आहे. युरोपातले लोक ट्रेलरच्या भरल्या वजनाच्या साधारण शेकडा ५ ते ७ धरतात, अमेरिकेत शेकडा १० ते १५ धरतात. या भाराची मोटारीची आणि आकड्याची मर्यादा ठरलेली असते, ती ओलांडून कोणतेच प्रमाण धरता येत नाही. भार फार कमी झाला, म्हणजे ट्रेलर उलाळ झाला, की वेगात तो शेपटीसारखा दोन्ही बाजूंना झोले खाऊ लागतो आणि मोटारीलाही घेऊन जातो. भार फार जास्त झाला, म्हणजे ट्रेलर धुरजड झाला, की मोटारीचे बूड दबते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकेनासे होते. हा भार मोजायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. घरात वजन करायचा काटा असतो ना, ज्यावर दिवाळीनंतर उभे राहायला आपण घाबरतो, तो सपाट जमिनीवर ठेवावा, त्यावर फळी ठेवावी आणि ट्रेलर समपातळीत ठेवून दांडा त्यावर टेकवावा. काट्याला सोसेल एवढाच हा भार असतो.

एकूण वजनाचा हिशेब मात्र अधिक काळजीने करावा लागतो. समजा ट्रेलर जास्तीत जास्त ७५० किलोंचा चालतो आणि रिकामा ट्रेलर ५२० किलोंचा आहे. म्हणजे सामानाला उरले २३० किलो. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण पाण्याची ६० लिटरची टाकी भरली की ६० किलो गेले, कारण पाण्याचा लिटर म्हणजे किलोच. मोठी बॅटरी ३० किलोंची. शेगडी आणि गॅसची लहान टाकी यांचे १५ किलो धरू. अंथरुणे-पांघरुणे २५. भांडीकुंडी, खुर्च्या, दोऱ्या, हत्यारे मिळून ४०. हे झाले १७०. उरलेल्या ६० किलोंत सहा माणसांचे कपडे, फराळाचे डबे, मुलांचे खेळ आणि “असू द्या, लागेल” म्हणून घेतलेल्या साऱ्या वस्तू. या शेवटच्या सदराला मर्यादा नसते, हे संसारी वाचकांना सांगायला नकोच. म्हणून सामान भरून एकदा ट्रेलर भुईकाट्यावर नेऊन तोलावा. कागदावरचा अंदाज आणि काट्यावरचा आकडा यांचे पटल्याचे फारसे पाहण्यात नाही.

आता तो ३७ चा आकडा. थळ घाटाइतकी, म्हणजे ३७ ला १ अशी उतरण डोळ्यांना जवळजवळ दिसतही नाही. पण अशा जागी ट्रेलर उतरणीला आडवा उभा केला आणि त्याच्या दोन चाकांत दीड मीटर अंतर असले, तर एक चाक दुसऱ्यापेक्षा चार सेंटीमीटर खाली राहते. उतरणीच्या दिशेने उभा केला तर आसापासून टेकूपर्यंतच्या अडीच मीटरांत जवळजवळ सात सेंटीमीटरांचा फरक पडतो. आणि ७४० किलोंचा ट्रेलर अशा उतरणीवर २० किलोंच्या ओढीने खाली जाऊ पाहतो. वीस किलो म्हणजे काही फार नव्हे, एक माणूस धरून ठेवील. पण तो रात्रभर धरून ठेवणार नाही. म्हणून चाकाला उटी हवी. उटी हाही बैलगाडीवाल्यांचाच शब्द. चाकाखाली दगड नाहीतर लाकडी पाचर द्यायची, ती उटी.

हाच हिशेब मोठा करून पाहिला की घाटातल्या इंजिनांचे कोडे सुटते. ३७ ला १ चढावर १००० टनांची गाडी २७ टनांच्या ओढीने मागे येऊ पाहते. ही सारी ओढ पुढच्या एकट्या इंजिनाने घेतली, तर इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधल्या जोडावर ती सगळी येणार. इंजिन कितीही बलवान असो, जोडाची ताकद ठरलेली. म्हणून काही भार मागून ढकलून उचलायचा, म्हणजे जोडावरचा ताण कमी होतो. घाटात किती वजन न्यायचे हे इंजिनाच्या ऐटीवर ठरत नाही, त्या जोडाला किती सोसेल यावरही ते ठरते.

ट्रेलरचेही तेच. त्याची वजनमर्यादा किती, असा एकच प्रश्न आणि एकच उत्तर नसते. सबंध ट्रेलरची एक मर्यादा, आसाची दुसरी, टायरांची तिसरी, मोटारीच्या आकड्याची चौथी, पुढच्या टेकूची पाचवी, कोपऱ्याच्या पायांची सहावी, आणि जमिनीची सातवी. त्या त्या वेळी जिच्यावर भार पडतो आहे आणि जी सर्वांत आधी संपते, ती खरी मर्यादा. रस्त्यावर माणसे मोटारीत बसलेली असतात, म्हणून ट्रेलरच्या हिशेबात ती धरलेली नसतात. मुक्कामाला मात्र चार जण आत झोपले की अडीचशे किलो वाढले, आणि तेही नेमके ज्या कोपऱ्यात बिछाना असेल तिथे.

जमिनीची मर्यादा सहसा कोणी मोजत नाही. पाच सेंटीमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद तळाच्या पायावर ५० किलो आले तर दर चौरस सेंटीमीटरला २ किलोंचा दाब झाला. भातखाचराच्या शेजारची ओलसर जमीन एवढा दाब सोसत नाही. संध्याकाळी समपातळीत असलेला ट्रेलर पहाटे कललेला असतो. तोच पाय २५ सेंटीमीटर लांब-रुंद जाड फळीवर टेकवला तर दाब पंचविसावा हिस्सा उरतो. स्वयंपाकघरातला जुना पोळपाट या कामी आणू नये. तो मध्ये चिरतो, आणि घरी परतल्यावर त्याचा जाब द्यावा लागतो.

बाबांनी त्या दिवशी सारे काम पुन्हा पहिल्यापासून करवले. ट्रेलर पुन्हा मोटारीला जोडला. डावे चाक जिथे उभे होते तिथे दोन फळ्या एकीवर एक ठेवल्या, आणि मोटार हळूच पुढे घेऊन ते चाक फळ्यांवर चढवले. म्हणजे उचलण्याचे काम चाकाने केले, आणि भार उचलण्यासाठीच तर चाक असते. गवंडी वापरतो ती बुडबुड्याची पट्टी आत जमिनीवर आडवी ठेवून पाहिली, बुडबुडा मध्यावर आला. मग दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी उट्या दिल्या. त्यानंतरच ट्रेलर मोटारीपासून सोडवला. मग पुढचे टेकूचे चाक फिरवून पुढची-मागची पातळी साधली. आणि सर्वांत शेवटी चार कोपऱ्यांचे पाय फळ्यांवर टेकवले, आधी मागचे, मग पुढचे. हँडल हाताला जरासे जड लागले की थांबायचे. ते झाल्याशिवाय कोणीही आत पाऊल टाकायचे नाही. निघताना सारे उलट्या क्रमाने: आधी पाय वर, मग मोटारीला जोडायचे, आणि उटी अगदी शेवटी.

यात मी माझ्याकडून एकच पुस्ती जोडतो. मोटारीबरोबर मिळालेला जॅक हा पंक्चर झालेले चाक बदलण्यासाठी असतो. त्यावर ट्रेलर रात्रभर तोलून ठेवू नये, आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ट्रेलरखाली हात, डोके किंवा पोराचा चेंडू काढायला पोर, यांतले काहीही घालू नये. जॅकवर किती टन लिहिले आहेत याला तिथे अर्थ नाही. तो कलला की टन संपले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर बाबा आमच्यात येऊन बसले. वहिनींनी त्यांच्यापुढे चकल्या ठेवल्या. स्नेह्यांनी त्यांना विचारले, “बाबा, बैलगाडी आहे का अजून तुमच्याकडे?” बाबा म्हणाले, “नाही. बैल इकले त्याला लई वर्सं झाली. आता ट्रॅक्टर येतो भाड्यानं. त्याला उलाळ कळत नाही न् धुरजड कळत नाही.” तक्रार करावी असा त्यांचा सूर नव्हता. मला मात्र वाटले की शब्द जातात ते असे. वस्तू जाते, मग तिच्यावर बोलायची वेळ येत नाही, आणि मग तिच्याबरोबर साठलेले शहाणपणही निघून जाते. पुन्हा दोन चाकांची गाडी दारात आली की आपण परदेशी पुस्तिकेतून तेच शहाणपण नव्याने वाचायला बसतो.

हे दोन शब्द मी आता आमच्या घरातही वापरतो. कोणत्याही घरात एकाच माणसाच्या खांद्यावर सारा भार पडत असेल तर ते घर धुरजड. ज्या घरात पुढे कोणी वजनदार माणूसच नाही आणि मागच्या बिछान्यावर सगळेच उड्या मारीत आहेत, ते उलाळ. आणि आधाराला असलेल्या म्हाताऱ्या माणसांकडून आपण उचलण्याचे काम करून घेऊ लागलो की घर पिळते, आणि कुठले तरी दार अडकते. ते का अडकले हे बाहेरून ढकलणाऱ्याला कळत नाही.

असो. या दिवाळीला जे वाचक चाकांवरचे घर घेऊन इगतपुरीला किंवा आणखी कुठे जाणार असतील, त्यांना माझ्या शुभेच्छा. नोंदणीच्या कागदावर रिकामे वजन आणि भरलेले वजन लिहिलेले असते, ते एकदा वाचावे. चार फळ्या, चार उट्या आणि एक बुडबुड्याची पट्टी बरोबर घ्यावी, त्यांचे वजन फारसे होत नाही. ज्यांच्या माळावर उतरणार त्यांना, जागेबद्दल विचारताना, जमिनीबद्दलही दोन शब्द विचारावे. मग बुडबुडा मध्यावर आला, पाय टेकले, एवढे पाहून फराळाचा डबा उघडावा. आणि लाडू खाताना आजींना बसायला जागा आसाच्या पुढे द्यावी.